सरकारी वकील कसे नेमता, ते एकदा उघड सांगा

प्रति,
मा. प्रधान सचिव व विधी परामर्शी,
विधी व न्याय विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : सरकारी वकिलांच्या नेमणुका आणि सरकारचा कोर्टकचेरीवरचा खर्च याबाबत.

महोदय,

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. भूसंपादन शाखेत अव्वल कारकून असताना कोर्टाच्या तारखांसाठी मी ती घातली होती. पट्टीने उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले : दाव्याचा नंबर, गाव, गट नंबर, तारीख, कोर्टाने काय मागितलं, आपण काय दिलं. शेवटचा रकाना ‘वकीलसाहेब’ असा आहे. बाकीच्या रकान्यांत एकदा लिहिलं ते तसंच राहिलं. या शेवटच्या रकान्यात मात्र इतकी खाडाखोड झाली की काही पानांवर कागद फाटलाय. एका अपिलासमोर चार नावं आहेत, त्यातली तीन खोडलेली.

निवृत्त होऊन काही वर्षं झाली. कुणाविरुद्ध तक्रार म्हणून मी हे लिहीत नाही. ती तीन नावं का खोडावी लागली आणि त्यात जनतेचा किती पैसा गेला, हे मी टेबलाच्या अलीकडून पाहिलंय. ते आपल्यापर्यंत पोचावं, आणि लोकांनीही वाचावं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

प्रकरण साधं होतं. कालव्यासाठी जमीन घेतलेली. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याखालचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवणारा आदेश, मोबदला पटला नाही म्हणून शेतकऱ्याने कलम १८ खाली दिवाणी कोर्टात मागितलेली वाढ. त्याची मागणी बरीचशी रास्त होती, आमच्या निवाड्यातला दर खरोखरच कमी होता. पण कोर्टाने वाढ देताना जमीन बागायत धरून दर लावला आणि शिवाय त्याच जमिनीतल्या विहिरीची किंमत वेगळी मोजली. विहिरीमुळेच जमीन बागायत झाली, तेव्हा बागायतीचा दर दिल्यावर विहीर पुन्हा वेगळी धरायची नसते, हे न्यायालयांनी पूर्वीच सांगून ठेवलेलं आहे. आमच्या बाजूने उलटतपासणीत त्यावर एक प्रश्न आला नाही. त्या दिवशी उभे राहिलेल्या वकिलांच्या हातात संयुक्त मोजणीचं पत्रक होतं की नाही, हेही मला सांगता येणार नाही. मी ते दिलेलं होतं. पण ते मी ज्यांना दिलं, ते वकील तेव्हा बदललेले होते.

अपील करायचं ठरलं. उच्च न्यायालयात अपिलाला ९० दिवसांची मुदत. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल, जिल्हा सरकारी वकिलांचा अभिप्राय, साहेबांची टिप्पणी, वरच्या कार्यालयाची मान्यता, असं करत फाईल चार टेबलं फिरली. पहिले काही दिवस ती माझ्याही टेबलावर होती, कारण मार्चअखेर होती आणि आमच्याकडे दोन माणसं कमी होती. मुदत टळली. मग अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज.

त्या अर्जाच्या वेळी मी रात्रीच्या एसटीने गेले. मांडीवर रुमालात बांधलेला बस्ता, कारण वर टाकला आणि डोळा लागला तर काय, ही धास्ती. सकाळी दहाला वकिलांच्या टेबलापाशी उभी राहिले. वहीतल्या दुसऱ्या नावाचे वकीलसाहेब गेले होते, तिसऱ्या नव्या वकीलबाई आल्या होत्या. वय तिशीच्या आसपास. त्यांच्यापुढे त्या दिवसाच्या कामांचा गठ्ठा छातीपर्यंत येईल एवढा. मी बस्ता सोडला. त्यांनी निकाल आधी वाचला होता, पेन्सिलने खुणा केल्या होत्या. पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, विहीर निवाड्यात बागायतीच्या दरात धरली होती ना? मग मूल्यांकनाचा कागद कुठाय?”

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पहिल्या. मी कागद काढून दिला. त्यांनी स्वतःच्या पैशाने झेरॉक्स काढली. विलंब माफ झाला. स्थगितीसाठी किती रक्कम भरावी लागेल, कोणत्या तारखेपर्यंत, हे त्यांनी मला कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून वहीत आहे.

पुढच्या तारखेला गेले तेव्हा त्या नव्हत्या. पॅनेल बदललं होतं. नवी यादी आली, जुनी गेली. त्यांचं काम वाईट होतं असं कुणी म्हटलं नाही. काम कसं आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांचं नाव खोडताना मला वाईट वाटलं, ते अजून आठवतं.

चौथ्या वकिलांना फाईल समजायला वेळ लागला. स्थगितीच्या तारखेला कुणी उभं राहिलं नाही. स्थगिती नाही म्हटल्यावर शेतकऱ्याने खालच्या कोर्टात दरखास्त, म्हणजे वसुलीचा अर्ज, लावली, आणि एका सोमवारी बेलिफ जप्तीचं वॉरंट घेऊन आमच्या ऑफिसात आले. साहेब दौऱ्यावर. मीच यादी लिहून दिली : लाकडी टेबलं ६, फिरत्या खुर्च्या ३, संगणक २, जीप १. बेलिफ माणूस सज्जन. म्हणाले, “बाई, मला पण बरं वाटत नाही.” दारात तो शेतकरी उभा होता. त्याचे वडील, ज्यांच्या नावे निवाडा झाला होता, ते मधल्या काळात वारले होते. वारस लावण्यातच एक वर्ष गेलेलं. तो आमच्या खुर्च्या न्यायला आला नव्हता. त्याला पैसे हवे होते, आणि ते त्याचे होते.

शेवटी सगळी रक्कम व्याजासह भरली. अपील पुढे फेटाळलं गेलं, कारण विहिरीचा मुद्दा खालच्या कोर्टात पुराव्यात आलाच नव्हता.

आता व्याजाचं सांगते, कारण खर्चाचा विषय निघाला की सगळे वकिलांच्या फीकडे बोट दाखवतात आणि खरा पैसा व्याजात जातो. जुन्या कायद्याच्या कलम २८ प्रमाणे वाढीव मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर दर वर्षी १५ टक्के व्याज द्यावं लागतं. २०१३ च्या नव्या कायद्यात कलम ७२ मध्येही दर तेच आहेत. समजा वाढ १० लाखांची. पहिल्या वर्षाचे ९० हजार, पुढे दर वर्षी दीड लाख. १० वर्षं गेली की १४ लाख ४० हजार, म्हणजे व्याज मुद्दलाच्या पुढे. दिवसाचा हिशेब केला तर रोज ४०० रुपयांहून जास्त. वकील हजर नाहीत, कागद नाहीत, म्हणून आठ आठवड्यांची तारीख पडली की २३ हजार रुपये गेले. आणि ही एका शेतकऱ्याची, १० लाखांची गोष्ट. एका कालव्याला शेकडो गट लागतात. वर २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुंदर विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगितलं की दिलासा रकमेवरही, म्हणजे जमीन सक्तीने घेतल्याबद्दल वर मिळणाऱ्या रकमेवरही, व्याज द्यायचं. म्हणजे तारखेची किंमत आणखी वाढली.

हे आकडे कुठल्याही खर्चाच्या पत्रकात ‘कायदेविषयक खर्च’ म्हणून दिसत नाहीत. ते पाटबंधारे, रस्ते, भूसंपादन अशा शीर्षांखाली मुरून जातात. त्यामुळे फी वाचवल्याचं समाधान मिळतं आणि तिजोरी मात्र दुसऱ्या दाराने रिकामी होते.

मोठ्या प्रमाणावर काय होतं, ते ऑगस्ट २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. पुण्यात पाषाण इथली सुमारे २४ एकर जमीन. १९५० साली एका कुटुंबाने विकत घेतलेली, ती राज्याने ताब्यात घेतली आणि संरक्षण खात्याच्या संस्थेला दिली. त्या कुटुंबाला बदल्यात जी जमीन दिली ती वनजमीन निघाली. दशकं उलटली. सर्वोच्च न्यायालयापुढे राज्याने ३७ कोटी ४२ लाख देऊ केले, न्यायालयाला ते पटलं नाही, आणि मोबदला नीट दिला नाही तर लाडकी बहीण योजनेसारख्या योजना थांबवण्याचे आदेश द्यावे लागतील, इथपर्यंत न्यायमूर्तींना बोलावं लागलं. बातमी आली तेव्हा चर्चा लाडक्या बहिणीची झाली. मला मात्र प्रश्न पडला तो वेगळा. इतक्या वर्षांत या एका फाईलवर किती वकील बदलले असतील, आणि त्यातल्या एकाने तरी ‘हे भांडू नका, देऊन टाका’ असा लेखी सल्ला दिला असेल का? दिला असेल तर तो कुणी वाचला?

चांगल्या वकिलाचं अर्धं काम ‘लढू नका’ सांगण्याचं असतं. ते सांगायला अभ्यास लागतो आणि पाठीचा कणा लागतो. ज्याची नेमणूक कुणाच्या तरी मर्जीवर टिकून आहे, त्याच्याकडून तो सल्ला आपण कसा मागणार?

आता नेमणुकीकडे येते. मॅजिस्ट्रेट कोर्टात सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ता महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात. जाहिरात निघते, अभ्यासक्रम ठरलेला असतो, लेखी परीक्षा, मुलाखत, गुणवत्ता यादी. माझ्या भाचीने ती परीक्षा दिली. दोन वर्षं ती पुस्तकांतच होती. चोरी, मारामारी, किरकोळ अपघात, अशा खटल्यांसाठी सरकार एवढी पारख करतं, हे योग्यच आहे. पण त्याच आवारात वरच्या मजल्यावर सत्र न्यायालयात खुनाचा खटला चालतो, दिवाणी बाजूला कोट्यवधींच्या जमिनीचे दावे चालतात, आणि त्याच्या वर उच्च न्यायालयात सरकारच्या धोरणांचा निकाल लागतो. तिथे उभं राहणाऱ्यांसाठी परीक्षा नाही. १९८४ चे विधी अधिकाऱ्यांच्या नेमणुकीचे नियम आहेत, किती वर्षांची वकिली हवी ते आहे, अर्ज आहेत. पण दहा पात्र अर्जांतून हाच एक का, याचं उत्तर बाहेर येत नाही. जोखीम जितकी मोठी, तितकी पारख सैल, असा हा उलटा जिना आहे.

आणखी एक तुलना करते. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने गरीब आरोपींसाठी जी बचाव वकिलांची नवी पद्धत आणली, लोक तिला ‘डिफेन्स कौन्सिल’ म्हणून ओळखतात, तिच्यात मुख्य वकिलाला १० वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्यांना ७. जाहिरात येते, प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची समिती निवड करते, मानधन जाहीर असतं, कामाचा आढावा होतो. म्हणजे ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्या आरोपीचा वकील निवडण्याची रीत आज सरकारच्या स्वतःच्या वकिलाच्या निवडीपेक्षा उघड आहे. आरोपीला हे मिळालं याचा मला आनंदच आहे. पण ज्याच्या घरात खून झालाय तो फिर्यादीही गरीब असतो. त्याच्या बाजूने उभा राहणारा सरकारी वकील तसाच पारखून का घेऊ नये?

कायद्याने रस्ता दाखवलेला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये जिल्हा दंडाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून सरकारी वकिलांसाठी नावांचं पॅनेल करायचं, असं होतं. महाराष्ट्राने १९८१ साली दुरुस्ती केली आणि सत्र न्यायाधीशांच्या विचारविनिमयाच्या जागी राज्य सरकारची मान्यता आणली. ज्या न्यायाधीशापुढे वकील रोज उभा राहतो, त्यालाच विचारायचं नाही, असा त्याचा अर्थ झाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम १८ मध्ये विचारविनिमयाचे तेच शब्द पुन्हा लिहिलेले आहेत. महोदय, ही दुसरी संधी आहे. ते शब्द आता नुसते कागदावर ठेवू नका. प्रत्येक जिल्ह्यात सत्र न्यायाधीशांचं मत लेखी घ्या, आणि पॅनेलमधलं नाव डावलून दुसरं घेतलं तर कारण लिहा.

सर्वोच्च न्यायालयाने याबाबत पुरेसं सांगितलेलं आहे. १९९० साली उत्तर प्रदेश सरकारने एका परिपत्रकाने राज्यातल्या सगळ्या जिल्हा सरकारी वकिलांना एकदम घरी पाठवलं. त्याच वर्षी श्रीलेखा विद्यार्थी यांच्या प्रकरणात न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं आणि सरकारी वकिलाचं पद हे सार्वजनिक पद आहे, तिथे मनमानी चालणार नाही, असं ठरवलं. मग ३० मार्च २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वर सिंग चहल हा निकाल आला. पंजाब आणि हरियाणात गरज किती आहे हे न मोजता विधी अधिकारी नेमले जात होते. न्यायालयाने सांगितलं, आधी कामाचा अंदाज घ्या, निवड समिती करा, उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींचं मत घ्या, मग नेमा. बाकीच्या राज्यांनीही आपली पद्धत सुधारावी, असं त्यात म्हटलेलं आहे. हरियाणाने २०१६ मध्ये आणि पंजाबने २०१७ मध्ये त्यासाठी कायदा केला. त्यांच्या कायद्यात उणिवा असतील, पण निदान नियम विधिमंडळात आला, लोकांना वाचता आला. न्यायव्यवस्थेत इतका जुना वारसा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हे जमू नये?

आपल्या बाजूने एक उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते खोटं नाही. वकील आणि पक्षकार यांच्यात विश्वास लागतो, सरकारलाही आपल्या विश्वासातला वकील निवडता आला पाहिजे. महाधिवक्त्यांच्या बाबतीत हे मला पूर्ण मान्य. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६५ नेच ते पद राज्यपालांच्या मर्जीशी जोडलं आहे, ते सरकारचे सल्लागार आहेत, सरकार बदललं की ते बदलावेत. घटनात्मक पेच असेल, राज्याराज्यांतला पाण्याचा तंटा असेल, तर बाहेरून विशेष समुपदेशी, म्हणजे खास त्या प्रकरणापुरता वकील, आणावा लागतो, त्याची फी भारी असते, तीही द्यावी. पण विहिरीच्या मूल्यांकनात कसला आलाय राजकीय विश्वास? निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनच्या याचिकेत सत्ताधारी कोण आहे याने काय फरक पडतो? सरकारी वकिलांच्या गठ्ठ्यातली बहुतेक कामं अशीच असतात. तिथे हवा असतो तो कागद वाचलेला, पुढच्या तारखेलाही असणारा माणूस.

आणि विशेष समुपदेशी हा अपवादच राहिला पाहिजे. रोजच्या कामासाठी माणसं नीट निवडली नाहीत की अडचणीच्या दिवशी महागडं नाव शोधावं लागतं. मुंबई महापालिकेने २०२० साली एका अभिनेत्रीच्या बंगल्यावरच्या कारवाईच्या खटल्यात ज्येष्ठ वकिलांना ८२ लाख ५० हजार रुपये दिल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला उच्च न्यायालयाने महापालिकेची ती नोटीस रद्द केली. ज्येष्ठ वकिलांच्या कामाबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते त्यांना दिलेली बाजू मांडतात. मला विचारायचंय ते असं : ही नोटीस टिकेल का, हे नोटीस काढण्याआधी कुणाला विचारलं होतं का? तो प्रश्न महापालिकेच्या पगारी विधी विभागातल्या एखाद्या अधिकाऱ्याने अर्ध्या तासात सोडवला असता.

आता त्या वकिलांची बाजूही सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. सरकारी पॅनेलवरचे तरुण वकील सरकारी फीवर जगू शकत नाहीत. बिलं आक्षेप लावून परत येतात : हजेरीचा दाखला नाही, आदेशाची प्रत जोडलेली नाही, शिक्का पुसट आहे. मी स्वतः अशी बिलं परत पाठवली आहेत, नियमच तसे होते. एका वकिलांचं बिल तीनदा परत गेलं. चौथ्यांदा त्यांनी ते दिलंच नाही. त्यानंतर आमच्या फाईलकडे त्यांनी किती लक्ष दिलं असेल, हे मला सांगायला नको. ज्याला खासगी पक्षकार वेळेवर पैसे देतो, त्याचं काम आधी होणार. सुतार असो, डॉक्टर असो, वकील असो. तेव्हा फी वाढवा, हे मी सरकारी पैशाची काळजी असणारी बाई म्हणून सांगते आहे. फी दुप्पट केली तरी एका वाचलेल्या तारखेत ती भरून निघेल. मात्र फी वाढवायची तर निवड उघड हवी, नाहीतर वाढलेली फी शिफारशीच्या माणसांकडेच जाईल.

केंद्र सरकारने संसदेत माहिती दिली की २०२३-२४ या वर्षात त्यांचा खटल्यांवरचा खर्च ६६ कोटींच्या घरात होता, आणि १० वर्षांत तो ४०० कोटींच्या वर गेला. आकडा बरा की वाईट, हा नंतरचा प्रश्न. आकडा सांगितला, याचं मोल आहे. माझी मागणी आहे की आपल्या राज्यानेही दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी असा हिशेब विभागनिहाय संकेतस्थळावर ठेवावा. त्यात फी असावी, विशेष समुपदेशींना दिलेली रक्कम असावी, आणि मघाशी म्हटलं ते व्याजही असावं. कोणत्या वकिलाकडे किती प्रकरणं दिली, किती तारखांना ते हजर होते, किती अपिलं मुदतीत दाखल झाली, हेही असावं. जिंकले किती, हा रकाना मी मुद्दाम सांगत नाही. हरण्याजोगं प्रकरण सरकारने दिलं तर वकील हरणारच, आणि जिंकण्याचा आकडा मोजू लागलो तर सोपी कामं मिळवण्याची चढाओढ लागेल.

हरण्याजोग्या प्रकरणांबद्दलही दोन शब्द. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मध्य प्रदेश विरुद्ध भेरुलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६६३ दिवस उशिरा आलेलं अपील फेटाळलं, २५ हजारांचा दंड लावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितलं. अशा प्रकरणांना न्यायालयाने ‘सर्टिफिकेट केस’ म्हटलं : वरच्या कोर्टाने फेटाळल्याचा कागद मिळावा, म्हणजे आपल्यावर बालंट नको, एवढ्यासाठी दाखल केलेली. आमच्या शाखेत हे नाव नव्हतं, पण गोष्ट होती. “अपील केलं नाही तर ऑडिटला काय सांगू?” हे वाक्य मी किती साहेबांच्या तोंडून ऐकलं! त्यांना दोष देणं सोपं आहे. अपील न करण्याचा निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला आज कुठलंच संरक्षण नाही, अपील करून हरणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही. जिल्हा सरकारी वकिलाने लेखी, कारणांसह सांगितलं की अपील नको, आणि अधिकाऱ्याने ते मानलं, तर त्याच्यावर ऑडिटचा आक्षेप येणार नाही, एवढं एक परिपत्रक आपल्या विभागाने वित्त विभागाशी बोलून काढलं तरी पुष्कळ अपिलं दाखलच होणार नाहीत. पण त्या लेखी सल्ल्याला वजन यायला तो देणारा पारखून घेतलेला हवा. सगळं फिरून तिथेच येतं.

हे पत्र आत्ताच लिहिण्याला एक कारण आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे फिरतं खंडपीठ, सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. या सहा जिल्ह्यांतल्या माणसांनी त्यासाठी कित्येक वर्षं आंदोलनं केली. तिथल्या कारकुनांना आता मांडीवर बस्ता घेऊन रात्रभर मुंबईचा प्रवास करावा लागणार नाही, याचं मला किती समाधान वाटलं हे शब्दांत सांगता येत नाही. नव्या ठिकाणी जुन्या सवयी अजून मुरलेल्या नसतात. सरकारी वकिलांच्या पुढच्या नेमणुकांची सुरुवात तिथून करा. सहा जिल्ह्यांत किती प्रकरणं आहेत ते आधी मोजा, मग किती वकील लागतील ते ठरवा, जाहिरात द्या, अर्ज केलेल्यांची नावं आणि निवडीचे निकष जाहीर करा, मुख्य न्यायमूर्तींचं किंवा त्यांनी सांगितलेल्या न्यायमूर्तींचं मत घ्या. एकदा नेमलेला माणूस ठरलेली मुदत पूर्ण करेल, कामात कसूर झाली तर लेखी कारण देऊनच हटवला जाईल, असं नेमणुकीच्या आदेशातच लिहा. आणि वकील बदलला तर जुन्याने नव्याला फाईल समजावून दिल्याची एक पानी नोंद घ्या. आम्ही कारकून बदलीवर जाताना टेबलाचा चार्ज देतो, किल्ल्या आणि टाचण्यांच्या डब्यापर्यंत सगळं लिहून देतो. कोटींच्या अपिलाचा चार्ज तोंडीसुद्धा दिला जात नाही, हे मला शेवटपर्यंत खुपत राहिलं.

त्या तिसऱ्या वकीलबाई आता कुठे आहेत, मला ठाऊक नाही. वकिली करत असतील, आणि जाहिरात निघाली तर कदाचित अर्ज करतील. त्यांच्यासारख्या पुष्कळ जणी आणि जण प्रत्येक जिल्ह्याच्या बार रूममध्ये बसलेले आहेत. ज्यांच्यासाठी फोन करणारं कुणी नाही, असे.

माझी वही आपल्या विभागाला उपयोगी पडणार असेल तर मी ती घेऊन मंत्रालयात यायला तयार आहे. पक्षकारांची नावं त्यात आहेत, म्हणून ती मी कुठे छापायला देणार नाही. पण रकाने दाखवीन. शेवटचा रकाना तर नक्कीच.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अव्वल कारकून, भूसंपादन शाखा